नोचे बुएना, दुबईच्या घड्याळात रात्री आठला

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा चिपळूणचा. दुबईत मालवाहतुकीच्या एका कंपनीत नोकरी करतो, तिथल्याच करामा भागात राहतो. बायको फिलिपिनो, पाम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांडो शहरातली. इथे एका रुग्णालयात नर्स आहे. मुलगी नऊ वर्षांची. आमच्याकडे दिवाळी जोरात होते. आईने व्हिडिओ कॉलवर शिकवल्यापासून चकली, शंकरपाळी बायकोच करते. नरकचतुर्दशीला मला पहाटे उठवतेही तीच. नाताळ मात्र आटत आटत केक, झाड आणि फोटो एवढाच उरला. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती डिसेंबरमध्ये बरंच काय काय करायची, मैत्रिणी यायच्या, रात्रभर गाणी चालायची. पुढे तिच्या ड्युटीच्या पाळ्या, मुलीची शाळा, या सगळ्यात ते सुटलं. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस सासूबाई गेल्या. त्या डिसेंबरमध्ये आम्ही झाडही लावलं नाही.

परवा मुलीने शाळेत लिहून दिलं, 'आमच्या घरी दिवाळी असते, ख्रिसमस नसतो.' बायकोने वही वाचली आणि काही न बोलता मिटून ठेवली. यंदा तिला सरप्राइज द्यायचा माझा विचार आहे. नोचे बुएनाला, म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्री, फिलिपिनो केटररकडून पूर्ण थाट मागवायचा, अख्खं भाजलेलं डुक्कर, वीसेक माणसं. सहज विषय काढून पाहिला तर म्हणाली, 'यंदाही नको.' त्यात माझी आई दिवाळी झाल्यावर तीन महिन्यांसाठी येतेय, ती अंडंही खात नाही. शिवाय २४ ला बायकोची ड्युटी लागू शकते. मेनू काय ठेवू, आणि हे सगळं जमवू कसं?

– एक करामावासी

उत्तर

करामावासी,

मेनूकडे येतेच, पण आधी ते सरप्राइज रद्द करा. बारा तासांची पाळी करून आलेल्या बाईने दार उघडावं, आत वीस माणसं टाळ्या वाजवत उभी, टेबलावर अख्खं डुक्कर, आणि तिने तिथल्या तिथे खूश दिसायचं. सण तिचा, आणि तिला तुम्ही भूमिका दिलीत पाहुणीची. फिलिपिनो नाताळ असा आयता दारात येत नाही. इंग्रजी महिन्यांच्या नावाच्या शेवटी 'बर' यायला लागलं, म्हणजे सप्टेंबर उजाडला, की तिथे दुकानांतून नाताळची गाणी सुरू होतात. मग जानेवारीत तीन राजांच्या सणापर्यंत, कुठे कुठे तर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी बाळ येशूचा, सांतो निन्योचा उत्सव होईपर्यंत, हे दिवस चालतात. चार महिने घर त्या दिशेने सरकत असतं. तुम्ही त्यातली एक रात्र कापून तिच्या पुढ्यात ठेवायला निघालात.

आता तिचं 'यंदाही नको'. तुम्ही ते नाताळाबद्दल आहे असं धरून चाललात, मला त्यात तारीख दिसते. नोव्हेंबरअखेर आई गेली, म्हणजे अजून वर्ष व्हायचंय. फिलिपिनो कॅथलिक घरांत माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना होते, चाळिसाव्या दिवशी पुन्हा जमतात, आणि वर्ष पुरं झालं की 'बाबांग लुक्सा' करतात. गेलेल्या माणसाच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, मग घरी जेवण. त्या दिवशी शोक उतरला असं मानतात. तोवर पुष्कळ घरं सणसमारंभ टाळतात. चिपळूणच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. घरातलं मोठं माणूस गेलं की त्या वर्षी आपण तरी कुठे कढई चढवतो? शेजारचे आणून देतील तेवढाच फराळ.

ती मनातून हे सगळं पाळते आहे की नाही, मला इथे बसून कळणार नाही. तुम्हालाही विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून विचारा. विचारायला एक निमित्तही आहे, थोडं अवघड वाटेल असं. यंदा दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे तिचं वर्ष व्हायच्या आत. तिला यंदा चकल्या करायच्या आहेत का, हे तुम्ही विचारलंत? की सोऱ्या दरवर्षीसारखा तिच्याच हातात जाणार असं गृहीत आहे?

हे मी बोचावं म्हणून लिहीत नाही. (थोडं बोचलं तर हरकत नाही.) पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच दिसलं. तिने तुमच्या आईकडून चकली उचलली, शंकरपाळी उचलली, पहाटेचं उठणं उचललं. सासूबाई होत्या तोवर तुम्ही त्यांच्याकडून एखादा पदार्थ उचललात का? तुमच्या पत्रात केटरर आहे, तुमचे हात कुठे दिसत नाहीत. मुलीने वहीत जे लिहिलं तेही त्यामुळेच. दिवाळीला घरात हात राबताना तिला दिसतात. नाताळला ऑर्डर आलेली दिसते.

तेव्हा क्रम असा ठेवा. १ नोव्हेंबरला फिलिपिनो लोक 'उन्दास' पाळतात. कबरींवर मेणबत्त्या लावतात, फुलं वाहतात, कुटुंबच्या कुटुंब जेवणाचे डबे घेऊन तिथे दिवसभर बसतं. तुम्ही दुबईत, सासूबाईंची कबर तिकडे. घरी फोटोपाशी मेणबत्ती लावा, त्यांना आवडायचं ते समोर ठेवा. ही वेळ बोलायला चांगली. नोव्हेंबरअखेर वर्ष होईल तेव्हा ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा सांगा आणि त्या दिवशीचं जेवण तुम्ही रांधा. सान फर्नांडोत तिची बहीण, भावजय, मावशी कोणीतरी असेलच. त्यांना फोन करून सासूबाईंच्या हातचा एक पदार्थ शिकून घ्या. एकच. पाम्पांगाची माणसं स्वयंपाकाच्या बाबतीत आपल्याकडच्या कोल्हापूरकरांइतकीच ताठ असतात. सगळ्या फिलिपिन्सला जेवायला आम्ही शिकवलं असं त्यांचं म्हणणं, आणि बाकीचे ते बऱ्यापैकी मान्यही करतात. त्यामुळे इंटरनेटवरची कृती घेऊन जाऊ नका. त्या घरात तो पदार्थ जसा होतो तसाच करा, आणि तुमच्या हातातली हिरवी मिरची व कोथिंबीर खाली ठेवा. तिखट हवं तर ते बाजूच्या वाटीत. सोया सॉस, कालामान्सी लिंबाचा रस, मिरची अशी 'सौसावान' प्रत्येक फिलिपिनो ताटाशेजारी असते, ज्याने त्याने आपापल्या जिभेप्रमाणे बुडवून खायचं.

मग डिसेंबर. एकदा वर्ष उतरलं की तुमची बायको स्वतःहून काय म्हणते ते बघा. 'यंदा नको'च म्हणाली, तर नको. पण माझा अंदाज, ती परोलबद्दल, म्हणजे नाताळच्या कंदिलाबद्दल, काही बोलेल. सान फर्नांडोची लेक आहे ती. नाताळच्या तोंडावर त्या गावात महाकाय कंदिलांची स्पर्धा होते, वीस-वीस फुटांचे कंदील, हजारो दिवे, आणि ते गाण्याच्या तालावर उघडझाप करतात. त्याची किल्ली म्हणजे मागे फिरणारं पत्र्याचं पिंप. त्यावर जागोजागी चिकटपट्टी लावलेली असते. पिंप फिरताना जिथे पत्रा उघडा तिथे तारेचं टोक टेकतं आणि दिवा लागतो, जिथे पट्टी तिथे विझतो. संगणकाच्या आधीची ही अक्कल.

तुम्ही घरी साधा परोल करा, चांदणीचा. आकाशकंदील केलेल्या माणसाला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा काड्या घ्या. पाच-पाच काड्या बांधून दोन चांदण्या करा. त्या एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. मग आतल्या बाजूला, जिथे काड्या एकमेकींना ओलांडतात तिथे, बोटभर लांबीच्या पाच काड्या उभ्या घाला, की दोन्ही चांदण्या मधून फुगतात. वरून पतंगाचा कागद चिकटवा, खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या. ही खळ, ती कात्री, हे चिकटलेले हात तुमचे आणि मुलीचे. दिवाळीचा कंदील ज्या हुकाला होता त्याच हुकाला हा लावा. गॅलरीत दुसरा हुक मारायला घरमालक परवानगी देत नाही हे मला ठाऊक आहे.

१६ ते २४ डिसेंबर हे नऊ दिवस तिकडे पहाटेच्या मिस्सा असतात, सिंबांग गाबी म्हणतात त्याला. स्पॅनिश अमलात शेतकऱ्यांना कामावर जायच्या आधी प्रार्थना करता यावी म्हणून ही पहाटेची वेळ पडली. चर्चमधून बाहेर पडलं की अंधारातच दारात शेगड्या पेटलेल्या असतात आणि बिबिंका, पुतो बुंबोंग असे तांदळाचे गोड पदार्थ विकायला लोक बसलेले असतात. दुबईत सेंट मेरीजमध्ये या मिस्सा संध्याकाळी होतात आणि आवार माणसांनी भरून जातं. नऊच्या नऊ तिला पाळ्यांमुळे जमणार नाहीत, एकदोनदा तुम्ही सोबत जा. तुम्हाला प्रार्थना येत नसली तरी चालतं, बाहेर उभे राहा. घरी आल्यावर जे खायचं असतं त्याची तयारी मात्र तुमच्या आईंकडे द्या.

हो, आईंकडे. तुम्ही त्यांना अडचणींच्या यादीत घातलंत, मला तर त्या या घरातल्या सगळ्यात उपयोगी बाई वाटतात. तांदूळ, नारळ, गूळ, केळीचं पान आणि वाफ हे ज्याच्या हातात आहे, त्याला अर्धं फिलिपिनो गोड जेवण येतंच. पुतो बुंबोंग जांभळ्या चिकट तांदळाचं असतं, बांबूच्या नळीत वाफवलेलं. बांबूची नळी तुम्हाला करामात मिळायची नाही, पण पुट्टूचं भांडं कुठल्याही मल्याळी भांड्यांच्या दुकानात मिळतं आणि ते काम तंतोतंत तेच करतं. फिलिपिनो दुकानातून चिकट तांदळाचं पीठ आणा. जांभळं मिळालं तर उत्तम, नाहीतर पांढऱ्यात उबे या जांभळ्या कंदाची थोडी पूड घाला. मिठाच्या पाण्याचा हबका मारत पीठ इतकंच ओलं करा की मुठीत दाबलं तर मुटका व्हावा आणि बोट लावलं तर फुटावा. मग चाळणीतून मोकळं करून नळीत हलक्या हाताने भरायचं. दाबलंत तर वाफ वर चढत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. वाफ वरून धो धो यायला लागली की काही मिनिटांत होतं. केळीच्या पानावर काढून लोणी, ओलं खोबरं आणि तपकिरी साखर. साखरेऐवजी किसलेला गूळ घातला तर तुमची बायको रागावणार नाही असं वाटतं, पण तिला विचारून घ्या. यात अंडं नाही, की आईंना चालणार नाही असं दुसरं काही नाही.

बिबिंकात मात्र अंडं असतं, वर खारवलेल्या अंड्याची चकतीही. ती आईंनी खाऊ नये, पण भाजताना त्यांना जवळ बसवा. मूळ बिबिंका मातीच्या भांड्यात, केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वर पत्र्यावर निखारे ठेवून भाजतात. धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना काही सांगावं लागत नाही. तुमच्या ओव्हनमध्ये शेवटची दोन-तीन मिनिटं फक्त वरची आच लावा, पानाच्या कडा करपू द्या. तो करपल्या पानाचा वास नसेल तर तिच्या लेखी तो नुसता तांदळाचा केक. सोबत प्यायला आलं उकळून केलेलं सालाबात, किंवा कोकोच्या वड्या विरघळवून केलेलं दाट चॉकलेट. ते फेसाळवायला लाकडी दांडा तळव्यांमध्ये फिरवतात, म्हणजे आपली रवीच. कोको तिकडे गेला मेक्सिकोहून, आकापुल्को-मनिला गलबतांवरून. ती गलबतं १५६५ पासून १८१५ पर्यंत ये-जा करत होती. नाताळच्या टेबलावर स्पेन, मेक्सिको, चीन, अमेरिका सगळे शेजारी बसलेले दिसतात ते अशाच जुन्या येण्याजाण्याने.

आता २४ ची रात्र. नोचे बुएना म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीची मिस्सा झाल्यावर मध्यरात्री घ्यायचं जेवण. आणि इथे दुबईने तुमचं काम सोपं केलंय, तुमच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. मनिलाचं घड्याळ दुबईच्या चार तास पुढे. तिकडे मध्यरात्र होते तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे आठ. सान फर्नांडोत तिचे भाऊबहीण जेवायला बसतील त्याच क्षणी तुम्हीही बसा, मध्ये फोन उभा करून. मुलगी जागी असेल, आई वेळेवर जेवतील, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस आहेच. अमिरातीत २५ डिसेंबरला सुट्टी नसते हे तुम्हाला माहीत आहे, पण तिच्या पाहुण्या मैत्रिणींच्या बाबतीतही लक्षात असू द्या.

मेनू. अख्खं डुक्कर, लेचोन, विसरा. फ्लॅटमधल्या घरगुती जेवणाला ते शोभत नाही. तिकडेही कित्येक घरांत त्या रात्री लेचोन नसतो. असतो तो हॅम, आणि 'केसो दे बोला', लाल मेणाच्या आवरणातला एडम चीजचा गोळा. हे दोन नसले तर ती काही बोलणार नाही, पण तिला ते दिसेल. डुकराचं मांस परवाना असलेल्या सुपरमार्केटात बिगरमुस्लिमांसाठीच्या वेगळ्या विभागात मिळतं. घरात आणायचं का, आणि आणलं तर वेगळी कढई, वेगळी सुरी, हे तुम्ही आधी आईंशी आणि बायकोशी उघड बोलून ठरवा. 'आईला कळणार नाही' या भरवशावर स्वयंपाकघर चालवू नका. कळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी कोंबडीचा किंवा टर्कीचा हॅम आणून अननसाच्या रसात आणि साखरेत भाजा, दुबईत पुष्कळ फिलिपिनो घरं तेच करतात.

स्पॅगेटी ठेवाच, मुलीसाठी. गोड असते, केळ्याच्या केचपमध्ये केलेली, लाल सॉसेजच्या चकत्या आणि वर किसलेलं चीज. पहिल्या घासाला तुम्ही तोंड वाकडं कराल. करू नका. ते केचप मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंच्या डोक्यातून आलं. टोमॅटोचं केचप बाहेरून आणावं लागे आणि केळी दारात, म्हणून त्यांनी केळ्यांचं केचप केलं. १९४५ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. त्यांचं केचप मात्र आज जगभरच्या फिलिपिनो वाढदिवसांना असतं.

आईंच्या ताटाबद्दल एक सावधगिरी. फिलिपिनो स्वयंपाकात 'भाजीचं' म्हणजे शाकाहारी असं नसतं. पानसित नूडल्समध्ये वर दिसायला गाजर आणि कोबी, पण आत ऑयस्टर सॉस नाहीतर 'पातीस', म्हणजे माशाचं खारं पाणी. भाजीत 'बागोओंग', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. पाहुणे प्रेमाने सांगतील, 'यात मांस नाही', आणि ते खोटं बोलत नसतील. म्हणून आईंचा पानसित वेगळ्या कढईत, नुसता सोया सॉस, लसूण, भाज्या घालून घरीच करा. फ्रूट सॅलड, डब्यातली फळं, क्रीम आणि आटवलेलं गोड दूध, हे त्यांना बिनधास्त चालेल. बुको पानदान, म्हणजे शहाळ्याच्या मलईचा जेली घातलेला गोड पदार्थ, करणार असाल तर जेली 'गुलामान'ची आहे ना ते बघा. गुलामान समुद्री शेवाळाचं, म्हणजे आगर-आगर. जिलेटिनचं पाकीट नको. शिवाय 'बिलो-बिलो' करा. चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, रताळं, केळं, फणसाचे गरे आणि साबुदाणा, सगळं नारळाच्या दुधात. खास नाताळचा पदार्थ नाही, पण वाढल्यावर आई 'हे कोणी केलं' असं विचारतील.

लुंपियाचं, म्हणजे सारण भरून तळलेल्या बारीक सुरळ्यांचं, वेगळं सांगते, कारण तुमचा सण तिथे परत सुरू होईल असं मला वाटतं. दोहाला माझी शेजारीण फिलिपिन्समधल्या इलोइलोची होती. डिसेंबरच्या एका सुट्टीच्या दुपारी तिच्या खोलीत पाचसहा जणी जमायच्या. मध्ये परातीत कोंबडीचा खिमा, बारीक गाजर, कांदा. एक जण फक्त कागदासारख्या पातळ पाऱ्या एकमेकींपासून सोडवायची आणि ओल्या फडक्याखाली सरकवायची, कारण वारा लागला की त्या तडकतात. बाकीच्या कडेला बोटभर सारण ओढून पेन्सिलीएवढी घट्ट सुरळी वळायच्या, पाण्याचं बोट फिरवून चिकटवायच्या. एक जण ड्युटीच्या बुटांसकट तशीच येऊन बसलेली. एजंटने अडकवलेले पैसे, पोराची परीक्षा, कोणाचा तरी नवरा. बोलता बोलता एखादी रडायची, आणि हात चालूच. शेकड्याने लुंपिया डब्यांत भरून फ्रीजरमध्ये जायच्या, २४ ला नुसत्या तळायच्या. मला बोलणं अर्धंच कळायचं. वळायला मात्र त्यांनी शिकवलं, आणि माझ्या जाड सुरळ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या.

तुमच्या घरी अशी दुपार होऊ द्या. बायकोच्या वॉर्डातल्या, चर्चमधल्या मैत्रिणी बोलवा. दुबईत कित्येक जणी एका खोलीत सहा खाटा अशा राहतात, त्यांना स्वयंपाकघर मिळणं हीच चैन. काय आणायचं ते ज्याने त्याने आणावं, वर्गणी काढून, वाटून घेणं त्यांच्या अंगवळणी असतं. तुम्ही यजमान म्हणून सगळा खर्च करायला धावलात तर त्यांना अवघडायला होईल. एक पथ्य: सगळे फिलिपिनो कॅथलिक नसतात. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या पुष्कळ जणी मुसलमान असतात, आणि इग्लेसिया नी क्रिस्तो पंथाचे ख्रिस्ती नाताळ पाळतच नाहीत. तेव्हा सरसकट निमंत्रण देताना तिला विचारा. आईंना या दुपारी भाज्यांच्या सारणाची वेगळी परात द्या. भाषेची चिंता करू नका. आणि रिकामे डबे साठवून ठेवा, जाताना प्रत्येकीच्या हातात उरलेलं द्यायचं असतं. कॅरिओकी तर होणारच, खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.

मुलीला त्या रात्री तुमच्या आईंच्या हाताला कपाळ टेकवायला सांगा. 'मानो पो' म्हणतात, मोठ्यांचा हात धरून कपाळाला लावायचा, मोठे आशीर्वाद देतात. तिची आई तिला दाखवेल. वाकून नमस्कार ती करतेच. आजीला दोन्ही मिळाले तर आजीची काही तक्रार नसेल. आणि तिची वही: तिला यंदा दोन पाककृती लिहून घ्यायला लावा, एक आईकडून, एक सान फर्नांडोच्या मावशीकडून. शाळेत काय लिहायचं ते तिचं ती ठरवेल.

दम उरला तर ३१ ची रात्र मोठी करा, १ जानेवारीला सुट्टी असते. मेदिया नोचेला, म्हणजे त्या मध्यरात्रीच्या जेवणाला, टेबलावर बारा गोल फळं मांडतात, बारा महिन्यांची. अंगात गोल ठिपक्यांचे कपडे, खिशात नाणी, आणि बाराच्या ठोक्याला पोरं उंची वाढावी म्हणून उड्या मारतात. तुमची मुलगी यासाठी जागी राहील. कोंबडी त्या रात्री बरेच जण टाळतात. जमीन उकरून दाणा टिपून पोट भरणारा तो जीव, तसं वर्ष जाऊ नये म्हणून. बारा गोल फळं जमवायचं काम आईंना द्या. कलिंगडापासून बोरापर्यंत त्या करामातली सगळी दुकानं पालथी घालतील.

राहिली ड्युटी. डिसेंबरच्या पाळ्या डिसेंबरमध्ये मागून मिळत नाहीत, आणि २४ साठी तिच्या वॉर्डातल्या मल्याळी ख्रिस्ती नर्सही रांगेत असणार. यंदाची दिवाळी तुमच्या घरी तशीही शांत असेल, निदान मी लिहिलेलं तुम्हाला पटलं असेल तर. तेव्हा तिला सुचवून बघा: लक्ष्मीपूजनाची पाळी तिने एखाद्या हिंदू सहकारिणीसाठी घ्यावी, आणि त्या सहकारिणीने हिच्यासाठी २४ ची घ्यावी. दिवसपाळीच मिळाली तरी संध्याकाळी सातला सुटून ती आठला घरी पोहोचते. रात्रपाळी आलीच, तर जेवण २५ ला दुपारी ठेवा, आणि २४ ला लुंपियाचा एक ट्रे वॉर्डात पोचवा. तिच्यासोबत रात्रभर जागणाऱ्या फिलिपिनो मुलीही घरापासून लांबच आहेत. तुमची २५ ची रजा मात्र आजच टाका.